पांढरीखालचे नेवासे

आपल्या खेड्यांत जमिनीचे दोन भाग पूर्वापार मानले जातात. एक काळी आणि दुसरी पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन आणि पांढरी म्हणजे गाव वसलेली जागा. शेताला काळी का म्हणतात हे कोणीही सांगेल, कारण दख्खनच्या पठारावरील माती काळीच आहे. पण गाव वसते ती जागा पांढरी कशी? शेताच्या बांधाला लागूनच गाव असते. खालचा खडकही तोच, पाऊसही तोच. मग मातीचा रंग का बदलावा?

या साध्या प्रश्नाच्या उत्तरात गावाचा सारा इतिहास दडलेला आहे. तो कसा वाचायचा, हे आज आपण एका लहानशा नदीकाठच्या गावाच्या उदाहरणाने पाहू. हे गाव म्हणजे अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील प्रवरेकाठचे नेवासे. ज्ञानेश्वरी जिथे सांगितली गेली ते गाव म्हणून नेवासे तुम्हाला ठाऊक असेलच. परंतु ज्ञानेश्वरांच्या आधी हजारो वर्षे या काठावर माणसे राहत होती, जात होती आणि पुन्हा येत होती.

पांढरी पांढरी का होते?

प्रथम काळ्या मातीचा विचार करू. ही माती बेसॉल्ट खडक झिजून झाली आहे. तिच्यात एका विशिष्ट जातीची चिकणमाती असते. ती पाणी शोषून फुगते आणि वाळली की आकसते. उन्हाळ्यात शेताला पडलेल्या हातभर खोल भेगा तुम्ही पाहिल्या असतील. पिकाला ही माती उत्तम, कारण ती ओल धरून ठेवते. घराला मात्र ती वाईट. पाया दरवर्षी वरखाली हलतो आणि भिंती तडकतात. म्हणून आपल्या पूर्वजांनी शेते काळीत केली आणि घरांसाठी नदीकाठचा उंच, घट्ट, पिवळसर मातीचा भाग निवडला.

घरे उभी राहिली की त्या जागेत रोज काहीतरी भर पडू लागते. चुलीतली राख, गोठ्यातले शेण, जमीन सारवण्याचा चुना आणि माती, फुटलेली मडकी, धान्याचा कोंडा, जनावरांची हाडे. यांपैकी राख आणि चुना यांमुळे मातीला फिकट राखाडी रंग येतो. हीच ती पांढरी. तिच्यात फॉस्फरसही भरपूर असतो, कारण हाडे, शेण आणि राख या सर्वांत तो असतो. फॉस्फरसची संयुगे मातीला घट्ट चिकटून राहतात. पावसाने ती सहजासहजी धुपून जात नाहीत. त्यामुळे जमिनीवर घराची एकही खूण उरली नसली, तरी मातीतला फॉस्फेट मोजून ‘इथे एके काळी वस्ती होती’ असे सांगता येते.

टेकाड कसे वाढते?

जुन्या गावाजवळ बहुधा एखादे मातीचे टेकाड असते. नेवाशालाही आहे. त्याला लाडमोड म्हणतात. हे टेकाड निसर्गाने घडवलेले नाही, माणसांच्या राहण्यामुळे ते वाढले आहे. कसे, ते हिशेब करून पाहू.

समजा, एक मातीचे घर आहे. लांबी ५ मीटर, रुंदी ४ मीटर. म्हणजे भिंतींची एकूण लांबी झाली १८ मीटर. भिंती २ मीटर उंच आणि अर्धा मीटर जाड धरू. मातीचे घनफळ झाले १८ × २ × ०·५, म्हणजे १८ घनमीटर. पन्नाससाठ वर्षांनी घर पडले. त्यातली निम्मी माती पावसाने वाहून गेली असे धरले तरी ९ घनमीटर उरली. ती घर आणि अंगण मिळून ३० चौरस मीटर जागेवर पसरली, तर थराची जाडी किती होईल? ९ भागिले ३०, म्हणजे ०·३ मीटर. जवळजवळ एक फूट!

नवे घर बांधणारा ही माती उचलून फेकत नाही. ती चोपून सपाट करतो आणि तिच्यावरच नवी भिंत उभारतो. अशी वीस घरे एकावर एक आली की जमीन ६ मीटर वर येते. म्हणून टेकाडाचा नियम सोपा आहे. वर असेल ते नवे, खाली असेल ते जुने. भूगर्भशास्त्रज्ञ खडकांचे थर याच नियमाने वाचतात आणि पुरातत्त्वज्ञ गावाचे थरही याच नियमाने वाचतात.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजमधील डॉ. हसमुख धीरजलाल सांकलिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५४ ते १९५६ या काळात नेवाशाला उत्खनन केले. पुढे १९५९ नंतर तेथे पुन्हा काम झाले. वरून खाली जाताना त्यांना प्रत्येक थरात निराळे गाव भेटत गेले. आपण मात्र उलट जाऊ. सर्वांत खालच्या पानापासून सुरुवात करून वर येऊ. पण त्याआधी या ठिकाणी गाव का व्हावे, ते पाहिले पाहिजे.

कोरड्या मुलखातील नदी

नेवासे सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहे. इथे वर्षाला साधारण पाचसहाशे मिलिमीटर पाऊस पडतो. उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या वर जातो. अशा ठिकाणी केवळ पावसाच्या पाण्यावर वर्ष काढणे कठीण.

पण प्रवरा येते कुठून? ती उगम पावते अकोले तालुक्यात, रतनगडाच्या परिसरात. तिथे घाटमाथ्यावर कित्येक वर्षी पाच हजार मिलिमीटरहूनही अधिक पाऊस होतो, म्हणजे नेवाशाच्या आठदहा पट. ते पाणी सुमारे दोनशे किलोमीटर वाहत येऊन नेवाशाच्या पुढे टोके-प्रवरासंगम येथे गोदावरीला मिळते. थोडक्यात, प्रवरा म्हणजे ओल्या मुलखाचे पाणी कोरड्या मुलखात आणून देणारी वाहिनी आहे. उन्हाळ्यात तिची धार बारीक होत असे, पण डोहांत पाणी टिकून राही आणि वाळूत हातभर झिरा खणला की पिण्यापुरते पाणी लागे.

दुसरी गोष्ट काठाची. नेवाशापाशी नदीने आपल्याच जुन्या गाळात खोल पात्र कोरले आहे. त्यामुळे काठाच्या दरडी उंच आहेत. पाणी जवळ, पण नेहमीच्या पुरापासून घर सुरक्षित. पाणी, काळी माती, घरासाठी उंच जागा आणि नदी ओलांडायला उतार या चार गोष्टी एकत्र आल्या की नदीकाठी गाव वसण्याची शक्यता फार मोठी असते. मात्र या चारांपैकी महत्त्वाची कोणती, हे प्रत्येक काळात बदलत गेले.

सर्वांत खालचे पान : दगडांचे

नेवाशाच्या उंच दरडींच्या तळाशी वाळूगोट्यांचे थर आहेत. चुनखडीने ते सिमेंटसारखे घट्ट बांधले गेले आहेत. सर्वांत खालच्या थरात दगडी हातकुऱ्हाडी मिळाल्या. त्या कित्येक लक्ष वर्षांपूर्वीच्या आहेत. त्याच्या वरच्या, नंतरच्या थरात लहान आकाराची हत्यारे मिळाली. दगडाचा पातळ छिलका काढून त्याची धार तासलेली. कातडी खरवडायला आणि लाकूड तासायला ती उपयोगी पडत. ही हत्यारे बेसॉल्टची नव्हेत. ती जॅस्पर आणि कॅल्सेडनी या काचेसारख्या फुटणाऱ्या, रंगीत, कठीण दगडांची आहेत.

हा शोध महत्त्वाचा ठरला. हातकुऱ्हाडींचा काळ आणि अगदी बारीक हत्यारांचा काळ यांच्यामध्ये आणखी एक टप्पा आहे, हे थरांच्या क्रमावरून स्पष्ट झाले. या हत्यारांना ‘नेवासियन’ असे नाव पडले आणि एका लहान गावाचे नाव अश्मयुगाच्या अभ्यासात जाऊन बसले.

त्या काळच्या माणसांना शेती ठाऊक नव्हती. ती नदीकाठी येत ती पाण्यासाठी, पाण्यावर येणाऱ्या जनावरांसाठी आणि पात्रातल्या दगडगोट्यांसाठी. इथे गाव नव्हते, फक्त मुक्काम होता. म्हणून या थरात पांढरी नाही.

पहिले गाव

पांढरीचा पहिला जाड थर लाडमोड टेकाडात दिसतो तो इ. स. पूर्व १५०० ते १००० या सुमाराचा. हा काळ कसा ठरवला? जळक्या लाकडाच्या कोळशावरून. सजीवांच्या शरीरात कार्बन-१४ नावाचा किरणोत्सर्गी कार्बन अल्प प्रमाणात असतो. झाड मेले की त्याचा पुरवठा थांबतो आणि असलेला हळूहळू घटू लागतो. ५,७३० वर्षांत तो निम्मा होतो. एखाद्या कोळशात मूळच्या सुमारे ६८ टक्के कार्बन-१४ उरला असेल, तर ते लाकूड सुमारे ३,२०० वर्षांपूर्वीचे आहे असे गणित सांगते. हातकुऱ्हाडींच्या थराला ही पद्धत लागू पडत नाही. पन्नास हजार वर्षांनंतर मोजण्याइतका कार्बन-१४ उरतच नाही.

हे लोक शेती करीत, गुरे पाळीत आणि तांबेही वापरीत. मात्र तांबे दुर्मीळ असल्याने रोजच्या कापण्याचिरण्याला दगडी पातीच लागत. म्हणून या काळाला ताम्रपाषाण युग म्हणतात. त्यांची मडकी तांबड्या रंगाची, त्यावर काळी नक्षी आणि काहींना पाणी ओतायला तोटी. अशी मडकी प्रथम ओळखली गेली ती प्रवरेकाठच्याच जोर्वे या गावी. म्हणून तिला जोर्वे संस्कृती म्हणतात. याच नदीकाठी दायमाबाद आहे. तिथे १९७४ साली ब्राँझचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा सापडले. तेव्हा नेवासे काही एकटे नव्हते. प्रवरेच्या काठाने अशा गावांची रांगच होती.

घरे कुडाची होती. लाकडी मेढी रोवायच्या, मध्ये काटक्यांचा कूड आणि त्यावर मातीचा गिलावा. लाकूड केव्हाच कुजून गेले. पण मेढ जिथे रोवली होती तिथे मातीचा रंग निराळा, गोल डागासारखा दिसतो. असे डाग जोडत गेले की घराचा आकार मिळतो.

आणि घराच्या जमिनीखाली मुले होती. लहान मूल दगावले की दोन रांजण तोंडाला तोंड लावून आडवे ठेवीत आणि त्यांत त्याला पुरीत. नेवाशाला सापडलेल्या दफनांपैकी बहुतेक मुलांची आहेत. यावरून त्या गावात बालमृत्यू किती असतील याची कल्पना येते. आई जिथे स्वयंपाक करी, त्याच जमिनीखाली तिचे मूल असे. मातीत चुना असल्याने ही कोवळी हाडे इतकी वर्षे टिकली. आंबट मातीत ती केव्हाच विरघळली असती.

अशा एका मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती. मण्यांच्या भोकांत दोऱ्याचे तुकडे शिल्लक होते. तीन हजार वर्षांचा दोरा कसा टिकला? तांब्याला गंज चढतो, त्यातून तांब्याची संयुगे तयार होतात. दोरा कुजवणाऱ्या जिवाणूंना आणि बुरशीला ती विषारी असतात. द्राक्षाच्या बागेवर मोरचुदाचे मिश्रण फवारतात, त्यामागेही हेच तत्त्व आहे. सूक्ष्मदर्शकाखाली त्या दोऱ्यात रेशीम आणि कापूस यांचे तंतू दिसले. ज्या गावाच्या भिंती कुडाच्या होत्या, त्या गावाला सूत आणि रेशीम यांचे ज्ञान होते. आणि ते आपल्याला कळले एका मुलाच्या गळ्यातल्या माळेमुळे.

गाव ओस पडले

इ. स. पूर्व १००० च्या सुमारास लाडमोडवरचे हे गाव ओस पडले. पुढे अनेक शतके त्या जागी वस्ती दिसत नाही. तापी आणि गोदावरी-प्रवरा खोऱ्यांतल्या बहुतेक जोर्वे गावांची हीच कथा आहे.

कारण काय असावे? डॉ. मधुकर ढवळीकर यांनी हवामान अधिक कोरडे झाले, असे मत मांडले. पुणे जिल्ह्यातील इनामगावच्या उत्खननात त्याला आधार मिळतो. तिथली वस्ती आणखी दोनतीन शतके टिकली, पण तिच्या शेवटच्या थरांत मोठी चौकोनी घरे जाऊन लहान गोल झोपड्या दिसतात. शेती घटलेली, गुरांऐवजी शेळ्यामेंढ्या आणि शिकार यांवर भर आलेला. म्हणजे गावातील लोक गरीब होत गेले. यावर सर्व अभ्यासकांचे एकमत नाही. पण एक गोष्ट उघड आहे. नदी तीच होती, माती तीच होती, तरीही माणसांना गाव सोडावे लागले. गाव झाडासारखे सतत वाढतच जाते, ही आपली समजूत टेकाडाचे थर खोटी ठरवतात.

कौले, जाती आणि परदेशी कुंभ

पुढचे भरगच्च पान येते ते इ. स. पूर्व दुसऱ्या शतकापासून इसवी सनाच्या दुसऱ्या शतकापर्यंतचे, म्हणजे सातवाहनांच्या काळातले. आता थराचे रूपच पालटते. भाजलेल्या विटा येतात. छपरावर कौले येतात. सांडपाण्यासाठी भाजलेल्या मातीची कडी एकावर एक रचून केलेले शोषखड्डे येतात. लोखंडाची अवजारे, सातवाहनांची नाणी, काचेचे मणी. पूर्वीचे लोक पाट्यासारख्या दगडावर धान्य रगडीत. या काळात दोन तळ्यांचे, गोल फिरणारे जाते दिसू लागते. तुमच्या आजीच्या घरातले जाते त्याच घराण्यातले.

याच थरात दोन मुठींच्या, निमुळत्या बुडाच्या उंच कुंभांची खापरे मिळाली. ते कुंभ आपल्या मातीचे नव्हेत. भूमध्य समुद्राच्या काठी अशा कुंभांत मद्य आणि ऑलिव्ह तेल भरून जहाजांवर चढवीत. ते या आडगावी कसे आले?

नकाशा उघडा. नेवाशाच्या खाली गोदावरीकाठी पैठण आहे, सातवाहनांची राजधानी. पश्चिमेला जुन्नर आणि त्यापुढे कोकणात उतरणारा नाणेघाट. जुन्नरकडून पैठणकडे जाणारा मार्ग याच पट्ट्यातून जातो. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात पैठण आणि तेर या बाजारपेठांचा उल्लेख आहे. तिथला माल गाड्यांवर घालून भडोचच्या बंदरात नेत असत, असे त्यात म्हटले आहे. या मार्गावर नेवासे हे नदीकाठचे ठिकाण होते. शिकाऱ्याला नदी दगडासाठी हवी होती, शेतकऱ्याला पाण्यासाठी. व्यापाऱ्याला ती हवी होती उतारासाठी. गाव तेच, पण त्याचे कारण बदलले. म्हणून त्याचे रूपही बदलले आणि खेड्याची पेठ झाली.

तिसऱ्या शतकाच्या आरंभी सातवाहनांची सत्ता मोडली. दूरदेशीचा व्यापारही मंदावला. लाडमोडवरची ही वस्ती पुन्हा संपली.

मधली रिकामी पाने

यानंतर लाडमोडवर वस्ती दिसते ती एकदम चौदाव्या-पंधराव्या शतकापासून. मग मधली हजारएक वर्षे नेवासे नव्हतेच का?

इथे थांबून विचार करा. ज्ञानेश्वरी नेवाशाला शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० साली पूर्ण झाली. तेव्हा देवगिरीला रामचंद्रदेव यादवाचे राज्य होते. ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी निरूपण केले अशी श्रद्धा आहे, तो पैसाचा खांब आजही आहे. त्यावर शिलालेख असून करवीरेश्वराच्या दिव्याच्या तेलासाठी दिलेल्या दानाची त्यात नोंद आहे. देऊळ होते, दान देणारे होते, ऐकायला श्रोते होते. म्हणजे गाव होतेच. ते फक्त लाडमोडवर नव्हते.

यातून पुरातत्त्वाचा एक महत्त्वाचा धडा मिळतो. टेकाडात थर नाही याचा अर्थ त्या जागी वस्ती नव्हती, एवढाच. गाव काठाकाठाने सरकते. म्हणून एका खड्ड्यावरून साऱ्या गावाचा निर्णय करू नये. खापर, शिलालेख, ग्रंथ हे निरनिराळे साक्षीदार आहेत. एक गप्प असेल तेव्हा दुसऱ्याला विचारावे लागते.

गावाचे नाव हाही असाच एक साक्षीदार. प्रवरेच्या दक्षिण काठावर नेवासे खुर्द आहे आणि उत्तर काठावर नेवासे बुद्रुक. फारसी ‘बुजुर्ग’ म्हणजे मोठा, त्याचे झाले बुद्रुक. खुर्द म्हणजे लहान. पण आज तालुक्याचे ठाणे, बाजारपेठ आणि ज्ञानेश्वरांचे मंदिर हे सारे खुर्दमध्ये आहे. लहान म्हणवणारे गाव मोठे झाले. नाव ठेवणाऱ्याने आपल्या काळचे चित्र नावात टिपले आणि नंतर चित्र बदलले तरी नाव तसेच राहिले.

अठराव्या शतकात मराठ्यांच्या राज्यात या काठाला पुन्हा बरकत आली. होळकरांचे दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी मोहिनीराजाचे सुंदर दगडी मंदिर बांधले ते १७७३ साली. मंदिरासाठी दगड घडवणारे, चुना मळणारे, मूर्ती कोरणारे शेकडो हात लागतात. असे बांधकाम गावात पैसा आणि कारागीर असल्याचा पुरावाच असते.

धरणे, कालवे आणि फाटा

आता वरच्या पानाकडे येऊ. १९२६ साली प्रवरेच्या वरच्या अंगाला भंडारदऱ्याचे धरण पूर्ण झाले. घाटमाथ्यावरचे पावसाळी पाणी आता अडवून, साठवून, कालव्याने हवे तेव्हा सोडता येऊ लागले. पुढे राहुरी तालुक्यात मुळा नदीवर धरण झाले आणि त्याचे कालवे नेवासे तालुक्यात पोचले. ज्वारी-बाजरीच्या रानात ऊस उभा राहिला. तालुक्यात सोनई आणि भेंडे येथे सहकारी साखर कारखाने आले. १९७६ साली पैठणचे जायकवाडी धरण पुरे झाले आणि त्याच्या नाथसागराचे पाणी मागे प्रवरासंगमापर्यंत पसरले. पूर्वी नदी आपल्या मर्जीने पाणी देई. आता वरचे धरण किती सोडते आणि खालचे किती मागते, यावर ते ठरते. पाण्याच्या वाट्यावरून वरच्या आणि खालच्या भागांत वाद होतात, ते तुम्ही वर्तमानपत्रांत वाचता.

दुसरा बदल रस्त्याने केला. अहिल्यानगर ते छत्रपती संभाजीनगर हा हमरस्ता गावाच्या बाहेरून जातो. तो जिथून फुटतो तो नेवासे फाटा. उपाहारगृहे, गॅरेज, दुकाने यांची वस्ती तिथे वाढली. दोन हजार वर्षांपूर्वी व्यापार उताराकडे आला होता, आज तो फाट्याकडे जातो. नदीवर पूल झाला की उताराचे महत्त्व संपते आणि गाव रस्त्याच्या दिशेने हातपाय पसरू लागते. म्हणजे गावाचे सरकणे आजही चालूच आहे. ते आपल्या डोळ्यांदेखत घडते म्हणून आपल्याला जाणवत नाही, एवढेच.

तुमच्या गावची पांढरी

नेवाशासारखी टेकाडे महाराष्ट्रात कितीतरी आहेत. तुमच्या गावालगतही एखादे असेल. पण त्यांच्यावर एक संकट आहे आणि त्याचे कारण आपण सुरुवातीलाच पाहिले. पांढरीच्या मातीत फॉस्फरस आणि इतर पोषक द्रव्ये असतात, म्हणून ती उत्तम खत होते. शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या ती गाड्या भरून शेतात नेत आले. बैलगाडीने नेत तोवर टेकाड हळूहळू झिजत होते. आता यंत्राने खणून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीने माती नेली की वीस पिढ्यांनी रचलेले थर काही दिवसांत नाहीसे होतात. नदीतील वाळू उपसताना जुन्या गोट्यांचे थर उखडले, तर दगडी हत्यारेही जातात. हत्यार किंवा मडके सापडले तरी त्याचा थर हरवलेला असतो आणि थर हरवला की काळही हरवतो. फाटलेल्या पुस्तकाची पाने परत चिकटवता येतील, पण कालवलेल्या मातीचे थर पुन्हा लावता येत नाहीत.

मग तुम्ही काय करू शकता? खणू मात्र नका. खणणे हे तज्ज्ञांचे काम आहे आणि त्यासाठी सरकारची परवानगी लागते. पण पाहणे, मोजणे आणि नोंद ठेवणे तुमच्या हातात आहे. शाळेतल्या चारपाच जणांचा गट करा आणि शिक्षकांच्या मदतीने पुढील कामे करून पाहा.

१) गावाचा साधा नकाशा काढा. नदी, जुना पाणवठा, उतार, पूल, सर्वांत जुने देऊळ किंवा मशीद, वेस, आठवडे बाजार आणि एस. टी. थांबा दाखवा. जुनी ठिकाणे एका रंगाने आणि गेल्या पन्नास वर्षांतली दुसऱ्या रंगाने रंगवा. गाव कोणत्या दिशेला सरकले ते लगेच दिसेल.

२) शेतातली आणि गावठाणातली मूठभर माती दोन काचेच्या पेल्यांत घ्या. रंग पाहा. पाणी घालून कालवा, वाळू द्या आणि कोणती जास्त तडकते ते पाहा. मग दोन्हींवर लिंबाच्या रसाचे काही थेंब टाका. बुडबुडे आले तर चुना आहे असे समजा.

३) टेकाडाचा एखादा भाग आधीच तुटलेला असेल, तर सुरक्षित अंतरावरून त्याच्या कडेचे चित्र काढा. राखेचा थर, खापरांचा थर, जळक्या मातीचा थर असे जे दिसेल ते वरून खाली क्रमाने लिहा. तारीख घाला आणि छायाचित्र घ्या. दरड ढासळण्याचा धोका असतो, म्हणून अगदी खाली उभे राहू नका.

४) गावातल्या वृद्धांना विचारा. सर्वांत मोठ्या पुराचे पाणी कुठवर आले होते? कोणती वस्ती कधी आणि का हलली? दुष्काळात पाणी कुठून आणत?

ही वही शाळेत जपून ठेवा. काही वेगळे दिसले, तर तहसील कार्यालयाला किंवा पुरातत्त्व विभागाला कळवा. सांकलियांनी काम सुरू केले तेव्हा लाडमोड हेही लोकांच्या लेखी एक मातीचे टेकाडच होते.

पुन्हा एकदा नेवाशाची पाने चाळून पाहा. गोट्यांतली हत्यारे, कुडाची घरे, मग रिकामे पान. कौले आणि कुंभ, मग पुन्हा रिकामे पान. देवळाचा खांब, दगडी मंदिर, कालवा, फाटा. प्रत्येक पानावर नदी आहे, पण प्रत्येक वेळी तिचे काम निराळे आहे. ज्या ज्या वेळी माणसांना नदीचा नवा उपयोग सापडला, त्या त्या वेळी गाव भरले. जेव्हा पाऊस, सत्ता किंवा व्यापार यांपैकी काही फिरले, तेव्हा ते हलले किंवा ओस पडले.

आज आपण वापरतो ते प्लॅस्टिक, सिमेंट आणि काच यांचाही एक थर पांढरीत तयार होत आहे. हजार वर्षांनी कोणी तो वाचील. आपल्या काळात नदीचे काय झाले, हेही त्याला त्याच थरातून कळेल.